पोटाकडचे आणि बाळाकडचे

६ जानेवारी

सकाळी दहा वाजता आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी आधी दोघांना एकत्र बसवलं, मग वेगवेगळं. बाहेर आल्यावर चहा घेतला. ही तिच्या औषधांच्या दुकानात कामाला गेली, मी माझ्या दुकानात. दोन शिलाई मशीनं दुरुस्त केली. एकाचा पट्टा बदलला, दुसऱ्याला फक्त साफसफाई हवी होती. संध्याकाळी घरी.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण बाईंनी रोज काहीतरी लिहायला सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, "पाऊण तासात तुम्ही माझ्याशी अकरा शब्द बोललात." मी विचारलं, "मोजलेत?" त्या म्हणाल्या, "आता बारा झाले." तोंडाने जमत नसेल तर कागदावर लिहा, कोणाला दाखवू नका, असं त्यांचं म्हणणं. तर लिहितो.

आमचं मूल हिची थोरली बहीण पोटात वाढवणार आहे. मी त्यांना ताईच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी आम्हाला मुलगी झाली, ती गेलेलीच जन्मली. त्याच दिवशी हिचं रक्त थांबेना म्हणून गर्भपिशवी काढावी लागली. त्यामुळे आता बीज आमच्या दोघांचं आणि जागा ताईंची.

हे ताईंनी स्वतःहून सुचवलं. त्यांच्या घरी जेवायला बसलो होतो आणि त्या वाढत होत्या. वाढता वाढताच म्हणाल्या, "माझी दोन झाली, दोन्ही वेळा मी शेवटच्या दिवसापर्यंत धडधाकट होते. खोली रिकामीच आहे, वापरा की." ही घास हातात घेऊन रडायला लागली. ताईंचा नवरा, म्हणजे माझा साडू, म्हणाला, "भाडं नको, पण भाडेकरू शांत हवा." कोणी हसलं नाही. मग एकदम सगळेच हसले.

बाईंनी आज मला विचारलं, पहिल्या बाळाबद्दल आता काय वाटतं. मी म्हटलं, ठीक आहे. त्यांनी ते लिहून घेतलं.

२ फेब्रुवारी

वकीलबाईंकडे चौघं गेलो. आम्हा दोघांसाठी एक वकील आणि ताई-साडूंसाठी वेगळी, असा नियम आहे. म्हणजे उद्या भांडण झालं तर कोणी एकाच बाजूचं ऐकलं असं होऊ नये. दोन्ही वकीलबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकाच डब्यातून बडीशेप खात होत्या.

अडीच तास त्या फक्त वाईट वाईट विचारत होत्या. बाळात व्यंग निघालं तर? जुळं राहिलं तर? तुम्हा दोघांचं मध्येच काही बरंवाईट झालं तर मूल कोणाकडे? ताईंच्या जिवाला धोका झाला तर निर्णय कोणाचा? शेवटच्याचं उत्तर कागदातच होतं, की ताईंच्या शरीराबद्दलचा प्रत्येक निर्णय ताईंचा. आम्ही फक्त ऐकायचं. मला ते बरोबर वाटलं.

साडूने विचारलं, "आणि मी काय करायचं?"

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही संमती द्यायची आणि ती मागे घ्यायची नाही."

"म्हणजे लग्नासारखंच की."

ताईंनी टेबलाखालून त्याला पाय मारला. तो मला लागला.

साडू क्रेन चालवतो. इमारतींच्या साइटवर दिवसभर उंच केबिनमध्ये एकटा बसतो, म्हणून खाली उतरला की बोलतच सुटतो. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे. मला 'साडू' म्हणतो आणि अरेतुरे करतो. मी त्यांना अहोजाहो करतो, पण इथे लिहिताना 'तो' लिहितो. एरवी वाक्य फार लांबतं.

१९ मार्च

आज गर्भ ताईंच्या पोटात सोडला. आमचे गोठवलेले दोनच गर्भ होते, त्यातला एक. डॉक्टरांनी आधी पडद्यावर दाखवला. पांढरा ठिपका. मशीनच्या तेलाचा थेंब पाण्यावर दिसतो तसा.

मग मला आणि साडूला बाहेर पाठवलं. ही आत ताईंचा हात धरून. साडू बाकावर माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "बघ साडू. तुला मूल होतंय, माझ्या बायकोला दिवस जाणार, आणि आपण दोघं इथे बाहेर चहा पितोय. एवढे निरुपयोगी पुरुष जगात झाले नसतील."

समोर बसलेल्या म्हातारबुवांनी पेपर खाली करून आमच्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

३१ मार्च

रक्ताचा अहवाल आला. राहिलं नाही.

ताईंनी हिला फोन करून माफी मागितली. मग हिने ताईंची माफी मागितली. बराच वेळ दोघी एकमेकींची माफीच मागत होत्या. मी दुकान उघडलं. गिऱ्हाईक आलं नाही तरी सहापर्यंत बसलो.

१५ मे

दुसरा गर्भ सोडला. हा शेवटचा. साडू आज काही विनोद करत नव्हता. त्याने चहाही घेतला नाही.

घरी येताना हिने विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "बघू."

२७ मे

राहिलं.

ही दुकानाच्या दारात आली. धावत आली असावी, कारण अंगावर अजून कामावरचा पांढरा कोट होता आणि खिशात कुणाची तरी औषधाची चिठ्ठी. माझ्या समोरच्या स्टुलावर बसली. मी पाणी दिलं. मग माझा फोन वाजला. साडू क्रेनच्या केबिनमधून ओरडत होता, "साडू! भाडेकरू आला रे!" मागे वारा घोंघावत होता. मी म्हटलं, "तुम्ही आधी खाली लक्ष द्या." तो म्हणाला, "खाली सगळ्यांना सांगून झालंय. भोंगा वाजवला मी."

ही हसत होती आणि रडतही होती. मला म्हणाली, "तू काहीतरी बोल ना."

मी म्हटलं, "बघू अजून."

"तुझं हे बघू एक दिवस मी खिडकीतून फेकून देणार आहे," ती म्हणाली. पण चिडली नव्हती. जाताना ती चिठ्ठी दुकानातच विसरली. मी नेऊन दिली. तिथे गिऱ्हाईक म्हातारी वाट बघत होती. तिला कारण कळलं तेव्हा तिने हिच्या गालावरून हात फिरवला.

१६ जून

ठोके ऐकले. डॉक्टरांनी आवाज मोठा केला. लोक म्हणतात घोडा धावल्यासारखा असतो. मला तो शिलाई मशीन भरधाव चालल्यासारखा वाटला. टाका एकही सुटत नव्हता.

ताई म्हणाल्या, "जावईबापू, घाबरल्यासारखे दिसताय." मी म्हटलं, नाही.

रात्रीचं जेवण झाल्यावर भांडी विसळताना हिने विचारलं, "जन्मतः सगळ्याच बाळांना केस असतात का रे?" मी म्हटलं, काहींना असतात, काहींना नसतात. "आणि असले तर किती असतात?" मी म्हटलं, ते आधी कसं सांगता येईल. ती बरं म्हणाली.

११ जुलै

शनिवार. साडू मशीन घेऊन आला. ताईंचं जुनं हातमशीन, ते फारसं कोणी वापरत नाही. म्हणे चालत नाही. मी बघितलं तर सुई उलटी बसवली होती. सरळ केली. दोन मिनिटांचं काम. तो दीड तास बसला. ताईंना सकाळी आंबट खावंसं वाटतं, दुपारी कशाचाच वास सहन होत नाही, संध्याकाळी त्याच्यावर ओरडायला होतं, असं सगळं सांगत होता. मी ऐकत होतो. हातातलं काम मागे पडलं.

१ ऑगस्ट

साडू पुन्हा मशीन घेऊन आला. या वेळी बॉबिनमध्ये दोरा उलटा भरला होता. मी त्याला नीट भरून दाखवला. मोठा माणूस आहे, एकदा दाखवलं की कळायला हवं. ताईंना आता पोट दिसायला लागलं आहे, असं म्हणाला. त्यांची धाकटी मुलगी वर्गात सांगून आली, "माझ्या आईच्या पोटात माझ्या मावशीचं बाळ आहे, पण ते मला बहीणभाऊ काही होत नाही, मावसभावंड होतं." बाईंना फळ्यावर नातं काढून दाखवावं लागलं म्हणे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, अर्ध्या वर्गाने घरी जाऊन आपापल्या आईला विचारलं, तुझ्या पोटात कोणाचं आहे?"

मी हसलो. दुकानात एकटा असतानाही नंतर हसलो.

२९ ऑगस्ट

पट्टा निसटलेला. साडूचा हात क्रेनवर बरा असेल, पण मशीनला त्याने हात लावू नये. आज तीन कप चहा प्यायला.

१३ सप्टेंबर

मोठी सोनोग्राफी. सगळं ठीक. मणका दिसला, हृदयाचे चार कप्पे दिसले, तळपाय दिसला. ही पडद्याकडे बघताना पुढे वाकत वाकत ताईंच्या अंगावर पडायचीच बाकी होती. डॉक्टरांनी विचारलं, चित्र छापून देऊ का. ही म्हणाली, दोन द्या. एक ताईंना.

येताना बसमध्ये ही म्हणाली, "बोटं लांब वाटली ना?" मी म्हटलं, सोनोग्राफीत नीट अंदाज येत नाही. तिने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "बाळांची बोटं एरवी कशी असतात? मुठी मिटलेल्याच असतात का? नखं असतात?"

हिला नवजात बाळांबद्दल खूप कुतूहल आहे. मला यातलं फार माहीत नाही. वाचनालयात विचारून बघतो.

१८ सप्टेंबर

वाचनालयातून नवजात बाळांवरचं एक चांगलं पुस्तक आणलं. रंगीत चित्रं आहेत. केस, नखं, त्वचा, सगळ्यावर वेगळे धडे आहेत. हिला दिलं. तिने दोन पानं उलटली, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "चांगलं आहे," म्हणाली. पण वाचत नाही. कपाटावर ठेवलं आहे.

१० ऑक्टोबर

आज एक विचित्र प्रकार झाला.

बाळ आता जोरात लाथा मारतं. ही रोज संध्याकाळी ताईंकडे जाते आणि पोटावर हात ठेवून बसते. मी जातो तेव्हा लांबच्या खुर्चीत बसतो. बायकोची थोरली बहीण, तिच्या पोटाला मी हात कसा लावणार? ते मला जमण्यासारखं नाही. ताई एकदा म्हणाल्या, "जावईबापू, हात ठेवा की, तुमचंच आहे." मी म्हटलं, राहू द्या. त्या म्हणाल्या, "अहो, मी डोळे मिटते." सासूबाई समोर विणत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मीही मिटते." मी पाणी प्यायला उठलो.

तर आज शनिवार, साडू आला. मशीनला काहीच झालं नव्हतं. तसं मी म्हटलं. तो म्हणाला, "असू दे. हात दे तुझा."

"कशाला?"

"दे रे."

माझा तळहात त्याने गिऱ्हाइकांच्या टेबलावर उताणा ठेवला आणि स्वतःच्या बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं. आधी एकदा हलकं, मग थांबला, मग दोनदा जोरात. "काल रात्री हे असं. बरगडीच्या खाली. आणि सकाळी हे..." मग त्याने अंगठ्याने हातावरून एक लांब, सावकाश रेघ ओढली. "हे बहुतेक टाच असणार. या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. आठ टनांचा तुकडा मी अंड्याला धक्का न लावता ठेवतो, समजलास? दाब बरोब्बर तेवढाच आहे. एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही."

तेवढ्यात एक बाई पडद्यांचं कापड घेऊन आत आल्या. त्यांनी आम्हा दोघा बाप्यांना एकमेकांचा हात धरून बसलेलं पाहिलं. साडूने हात सोडला नाही. म्हणाला, "बसा बाई, बाळ लाथा मारतंय."

साडूच्या डोक्यात कधी काय येईल सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत तळहात वेगळाच वाटत होता.

२४ ऑक्टोबर

साडू आला. उचकी कशी लागते ते दाखवलं.

७ नोव्हेंबर

आला. उजव्या कुशीवर वळणं. आज जरा वेळ चाललं, कारण मी पुन्हा दाखवा म्हणालो.

२२ नोव्हेंबर

हिला बाळाचे कपडे आणायचे आहेत. मी म्हटलं, अजून वेळ आहे. मागच्या वेळी सगळं आधीच आणून ठेवलं होतं. ही दवाखान्यात असतानाच मी ते एका फेरीत देऊन आलो, कपाट पुसून घेतलं आणि त्यात चादरी ठेवल्या. ती घरी आली तेव्हा तिला बघावं लागू नये म्हणून. तिने त्याबद्दल कधी विचारलं नाही. मीही काही बोललो नाही.

तेव्हा तिला शुद्ध नव्हती. बाळाला मी एकट्यानेच पाहिलं. घेतलंही मीच. पुढचं सगळंही मीच केलं. साडू बरोबर होता, पण तो गाडीपाशी थांबला, मी सांगितलं म्हणून.

हे इथे लिहायचं ठरवलं नव्हतं.

१३ डिसेंबर

साडू आज रिकाम्या हाताने आला. लाथांचं काही सांगितलं नाही. मध्येच म्हणाला, "तेव्हा तुझ्या बायकोला किती रक्त द्यावं लागलं होतं रे?" मी म्हटलं, आठवत नाही. आठवतं, पण आकडे सांगत कशाला बसायचं? त्याने साइटवरच्या ताईंच्याच रक्तगटाच्या माणसांचे फोन नंबर जमवून ठेवले आहेत. जानेवारीभर कोणी गावाबाहेर जायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं आहे. त्याला अशा उठाठेवींची हौसच आहे. ताईंचं तर सगळं उत्तम चाललं आहे.

निघताना माझ्या खांद्यावर थाप मारली आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला. थकला असावा. थंडीत वर केबिनमध्ये त्रास होत असेल.

२ जानेवारी

सासूबाईंनी विणलेल्या टोप्या आणून दिल्या. पाच. मी म्हटलं, डोकं एकच असेल. त्या म्हणाल्या, "पोट एकीचं, पोर दुसरीचं, टोप्या तिसरीच्या. माझा एवढाच वाटा आहे, गप्प घ्या." घेतल्या. चादरींच्या कपाटात एक कप्पा रिकामा केला. ही दारात उभी राहून बघत होती.

कोर्टाचे कागदही तयार झाले. जन्मानंतर लगेच अर्ज जाईल आणि दाखल्यावर आमची नावं येतील. दवाखान्यात कोण कुठे असेल, हेही ठरलं. ताईंजवळ ही. बाहेर आम्ही दोघं.

२४ जानेवारी

आज झाला. मुलगा. दुपारी तीन वाजून गेल्यावर.

नीट क्रमाने लिहितो.

पहाटे साडूचा फोन आला, कळा सुरू झाल्या. आम्ही टॅक्सी करून गेलो. ताई चालत आत गेल्या आणि नर्सला म्हणाल्या, "ही माझी बहीण, ही बाळाची आई, तिला आधी खुर्ची द्या, तिला उभं राहवत नाहीये." दोघी आत गेल्या. दार बंद.

मी आणि साडू बाहेर बाकावर. दवाखाना मागच्या वेळचा नाही, पण अशी दारं सगळीकडे सारखीच असतात. वर गोल काच, खाली स्टीलचा पत्रा. साडू सकाळपासून एक शब्द बोलला नाही. मी डबा उघडून त्याच्यापुढे धरला तर नको म्हणाला. दुपारीही नको म्हणाला. पोट बिघडलं असावं.

तीननंतर दार उघडलं. नर्स बाहेर आली, तोंडावर मास्क. तिने विचारलं, "वडील कोण? बाळाचे वडील? आत या."

मी उठलो नाही.

उठायचं होतं. पण मागच्या वेळी मला याच शब्दांनी बोलावलं होतं. बाळाचे वडील कोण, आत या. अगदी याच आवाजात, न ओरडता. मी बाकाची कड धरून बसून राहिलो.

साडू मात्र ताडकन उभा राहिला. दोनदा बाप झालेला माणूस, सवयीने उठला असेल. दाराकडे दोन पावलं गेला. "ती कशी आहे?" त्याने विचारलं. आवाज त्याचा वाटतच नव्हता.

"ताई ठणठणीत आहेत. शिव्या घालतायत. तुम्ही वडील ना?"

साडूने भिंतीला हात टेकला. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि नर्सला म्हणाला, "मी पोटाकडचा. बाळाकडचा तो, तो बसलाय तो."

नर्स म्हणाली, "कोणाकडचेही या, पण लवकर या. लग्नाला आल्यासारखे उभे राहू नका."

साडू माझ्यापाशी आला. खाली वाकला. मला ओढलं नाही, हात धरला नाही. नुसतं म्हणाला, "साडू, ऐक."

मी ऐकलं. आत कोणीतरी जिवाच्या आकांताने रडत होतं. अगदी लहान आवाज, पण रागावलेला. एवढा वेळ तो चालूच असणार. मला ऐकू आला नव्हता. मागच्या वेळी आत कसलाच आवाज नव्हता.

मग मी उठलो.

आत ताई पलंगावर होत्या, केस कपाळाला चिकटलेले. मला बघून म्हणाल्या, "या जावईबापू. तुमच्या भाडेकरूने जाताना खोलीची पार वाट लावली." आणि लगेच हिला म्हणाल्या, "घेऊन जा बाई तुझं. नऊ महिन्यांत मी पालथी झोपले नाहीये."

ही खुर्चीवर बसली होती. तिच्या उघड्या छातीवर टॉवेलखाली तो. तिने वर बघितलं. असा चेहरा मी तिचा लग्नातही पाहिला नव्हता.

दुसरी एक नर्स मला म्हणाली, "आता तुम्ही. शर्ट काढा." मी म्हटलं, इथे? "मग काय बाजारात? बाळाला उघड्या अंगाशी धरायचं असतं, आईला आणि बापाला. बनियनसुद्धा काढा." ताईंनी पलंगावरून सांगितलं, "मी डोळे मिटलेत हो." त्यांनी मिटले नव्हते.

मी शर्ट काढला, बनियन काढलं. मला तो दिला. गरम होता. वजन जेवढं असेल वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. छातीशी धरल्यावर त्याने रडणं थांबवलं आणि पाय ताणून मला एक लाथ मारली. दाब ओळखीचा होता.

त्याच्या डोक्याकडे बघून मी म्हटलं, "याला केस नाहीत. तिला खूप होते."

कसं बोलून गेलो कळलं नाही. मला वाटलं, आजच्या दिवशी हे बोलायला नको होतं.

ही म्हणाली, "किती होते?"

"दाट. काळे. कानांवर येत होते."

"सरळ?"

"मागे मानेवर कुरळे. एक भोवरा होता, डावीकडे. तुझा आहे तिथेच."

"आणि बोटं?"

"लांब. नखं वाढली होती. मी एक मूठ उघडून पाहिली. मग ती माझ्या बोटावर तशीच राहिली."

"नाक?"

"नाक तुझं," मी म्हटलं. "सगळी तुझ्यासारखी होती. फक्त कान माझे."

ती रडत होती, पण हसत होती म्हटलं तरी चालेल. तिने उठून माझ्या उघड्या पाठीवर हात ठेवला आणि विचारत राहिली. ओठ कसे होते, पापण्या होत्या का, मी तिला कशात गुंडाळलं, गुंडाळताना काय म्हटलं. मी सगळं सांगितलं. मला सगळं आठवत होतं. मी इतका कधी बोललेलो नाही. दोन्ही नर्स कामं करत राहिल्या, पण भांड्यांचा आवाज होऊ देत नव्हत्या. मुलगा मध्येच शिंकला.

ते पुस्तक मी उगाच आणलं होतं.

मागे वळलो तर साडू ताईंच्या पलंगाशी गुडघे टेकून बसला होता, चेहरा त्यांच्या हातात खुपसून. त्याचे खांदे हलत होते. ताई त्याच्या डोक्यावर थोपटत म्हणत होत्या, "अरे, झालं, झालं. सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना तू?" उपाशी पोटी माणूस असा कोलमडतो. मी त्याला नंतर डबा दिला. त्याने त्यातलं सगळं खाल्लं आणि हिचा डबाही संपवला.

२८ जानेवारी

घरी आलो. ताई त्यांच्या घरी, आम्ही आमच्या.

समुपदेशक बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की ताईंना काही दिवस रडू येईल, त्यांनी निर्णय बदलला असा अर्थ काढू नका. काल त्या रडल्या. म्हणाल्या, "मूल नकोय रे बाबा मला, माझी दोनच मला पुरे झालीत. पण पोट रिकामं झालं की घर पाहुणे गेल्यासारखं वाटतं." ही रोज त्याला घेऊन तासभर त्यांच्याकडे जाते. साडू त्याला एका तळहातावर झोपवतो आणि दुसऱ्याला हात लावू देत नाही. मी म्हटलं, मानेखाली आधार द्या. तो म्हणाला, "आठ टन."

बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, कसं वाटतंय? मी सांगू लागलो. बऱ्याच वेळाने त्याच म्हणाल्या, "मला आता दुसऱ्यांना आत घ्यायचं आहे."

३ फेब्रुवारी

कोर्टाचा कागद आला. दाखल्यावर आईच्या जागी हिचं नाव आहे, वडिलांच्या जागी माझं. दुकान दोन आठवडे बंद. दारावर पाटी लावली आहे. पडद्यांच्या बाईंनी त्याखाली पेन्सिलीने लिहिलं, 'सावकाश उघडा.'

आज दुपारी हिने मला आमच्या मुलीचं नाव विचारलं. म्हणजे मी मनात ठेवलं होतं का, असं. होतं. सांगितलं. तिला आवडलं. इथे लिहीत नाही.

आता पहाटेचे साडेतीन झाले आहेत. ही झोपली आहे, तो झोपला आहे, सासूबाई खुर्चीतच झोपल्या आहेत, सहावी टोपी अर्धी विणून. चार वाजता दूध पाजायची पाळी माझी. त्याची मान धरताना माझी नखं त्याला टोचतील असं वाटतं. वाढली आहेत, आणि कडेने मशीनचं तेल बसलं आहे. गॅलरीत जुना पेपर पसरला आहे. नखं कापून घेतो.